झिपरूआबांचं न पोचलेलं समन्स

झिपरूआबा बेलीफ समन्स घेऊन कुणाच्या दारात गेले, की कागद हातात कोंबून परत फिरत नसत. कागद देत, सही किंवा अंगठा घेत, आणि मग त्या माणसाला समोर उभं करून विचारत, "आते सांगा, कोनती तारीख?" माणूस बावरून म्हणे, कागदावर आहे ना लिहिलेली. त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर असे, "कागद थोडाच कोरटमा जास? जानं तुमले शे. सांगा." त्याने तारीख सांगितली की आबा चार पावलं चालून जात, पुन्हा वळत आणि पुन्हा विचारत. दुसऱ्यांदाही बरोबर आली तरच गावाबाहेर पडत.

मी त्या वेळी जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या एका तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. या हकिकतीतल्या माणसांची मुलंबाळं अजून तिथे नांदताहेत. धुळ्याला मॅट्रिक झालो, वडील गेले, आणि मामांच्या ओळखीने नाझराच्या हाताखाली चिकटलो. नाझर म्हणजे कोर्टाची समन्सं आणि जप्त्या ज्याच्या टेबलावरून जातात तो अधिकारी. बेलीफ त्याच्या हुकमात. आमच्याकडे चार बेलीफ होते. त्यातले तीन संध्याकाळी सायकलीवरून येत आणि समन्सांचा गठ्ठा टेबलावर आपटत. झिपरूआबा पायी जात आणि पायीच येत. त्यांना सायकल येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "सायकलवर मानूस घाईमा ऱ्हास," असं ते म्हणत.

उंच, काटकुळा माणूस. पिंडऱ्या शेवग्याच्या शेंगांसारख्या. डोक्यावर मळकट लाल पागोटं, खांद्यावरून तिरका पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. बिल्ला मात्र रोज राखेने घासलेला. लिहिण्यावाचण्यात ते कच्चे होते. छापील अक्षर अडखळत वाचत, आणि सही करताना 'झि' काढायला इतका वेळ घेत की नाझरसाहेब वैतागून दुसरं काम काढून बसत. म्हणून त्यांचे अहवाल मी लिहायचो. कुठलं समन्स, कुणाला, कुठे, कसं पोचलं हे ते सांगत आणि मी कागदावर उतरवी. शेवटी ते सही करत. पहिल्या महिन्यातच आमची ही जोडी जमून गेली.

दुपारी ते फडकं सोडत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, हंगामात भरीत. मी खाणावळीचा डबा उघडला की ते त्यात डोकावून मान हलवत. "हाई भाजी शे का आजारी मानूसनं पथ्य?" म्हणत आणि अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकत. परगावी एकटा राहणाऱ्या, नुकताच बाप गेलेल्या तरुणाला ती अर्धी भाकरी काय वाटायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळत असावं. माझा डबा कितीही भरलेला असला तरी ती भाकरी चुकत नसे.

तारखेच्या त्यांच्या हट्टापायी गमती होत. एकदा एका गावच्या बड्या पाटलाने बाजेवर बसल्याबसल्या समन्स घेतलं, पण तारीख म्हणून दाखवायला साफ नकार दिला. "मी काय शाळेतलं पोर आहे?" आबांनी वाद घातला नाही. समोरच्या पारावर जाऊन बसले. दुपार झाली. पाटील जेवून आला, झोपून उठला, तरी हे बसलेलेच. शेवटी आतून पाटलाची म्हातारी आई ओरडली, "सतरा तारीख शे रे बाबा, सतरा! मी धाडसू त्याले! आते तू जाय!" आबा उठले, म्हातारीला नमस्कार केला आणि निघाले. मला म्हणाले, "घरमा एक तरी मानूसले पाठ पाहिजे."

हा हट्ट आला कुठून, ते मी एकदा विचारलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका कुंभाराला समन्स दिलं होतं. त्याने ते चुलीजवळच्या उतरंडीमागे खोचलं आणि विसरला. तारीख गेली. त्याच्या गैरहजेरीत निकाल झाला, आणि त्याच्या घराचा ताबा घ्यायला आबांनाच जावं लागलं. त्याचं चाक आबांनी स्वतःच्या हातांनी उचलून रस्त्यावर ठेवलं. "त्यानं म्हननं खरं व्हतं की खोटं, देवले माहीत," आबा म्हणाले, "पन ते कोनी आयकंच नही. कोरटमा मानूस हारना तरी चाली. पन बोलीसन हारना पाहिजे."

आबांची बायको कधीच गेली होती. एकुलती एक मुलगी, सरजा, यावलला दिली होती. जावई केळीच्या बागेत कामाला. एका आषाढात दुपारी कोर्टाच्या पत्त्यावर आबांच्या नावाची तार आली. मीच वाचून दाखवली. सरजेचं पहिलं बाळंतपण, अवस्था कठीण, लगेच या. आबांच्या पिशवीत एकच समन्स उरलं होतं, गिरणा नदीपलीकडच्या एका खेड्यातलं. ते त्यांनी मला दाखवलं आणि म्हणाले, "वापस येतांना देसू." रजेचा अर्ज नाही, काही नाही. मी म्हणालो, तुम्ही जा, इथलं मी बघतो.

ते आठव्या दिवशी आले. सरजा गेली होती. नात जगली होती, चिमणीएवढी. एवढंच ते बोलले आणि माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर बसून राहिले. इतक्यात नाझरसाहेबांची हाक आली. गिरणेपलीकडच्या दाव्याची तारीख तीन दिवसांवर आली, समन्सचा अहवाल कुठे आहे? समन्स पोचलं नाही असं लिहिलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. पुढची तारीख पडली असती. पण मग आठवडाभर बेलीफ होता कुठे, हा प्रश्न निघाला असता, आणि आमचे नाझर माफ करणारे नव्हते.

मी कोरा कागद ओढला. आबांनी मला काही सांगितलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. मी माझ्याच मनाने लिहिलं की प्रतिवादी बाई घरी आढळली नाही, घराला कुलूप होतं, म्हणून समन्सची प्रत दाराला चिकटवून आलो. असा अहवाल शपथेवर असतो. कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी विचारलं, "काय लिखं?" मी सांगितलं. त्यांनी टाक हातात घेतला. मग म्हणाले, "सकाळे मी जास. तिले तोंडी तारीख सांगीसन येस." आणि सही केली.

सकाळी त्यांना ताप भरला. हिवतापच तो, माझ्या खोलीवर तीन दिवस ते कांबळ्याखाली थरथरत पडून होते. मी काढा देत होतो, पाय दाबत होतो. गिरणेपलीकडचं ते खेडं पाच कोसांवर होतं. त्या तीन दिवसांत मी जाऊन येऊ शकलो असतो. गेलो नाही. आज मागे वळून पाहताना मला कारण सापडत नाही. नुसतं एवढंच आठवतं की आबा बरे व्हावेत यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

तारखेला ती बाई अर्थातच हजर नव्हती. वादीची साक्ष झाली आणि एकतर्फी हुकूमनामा झाला: घराचा आणि मागच्या गुरांच्या वाड्याचा ताबा वादीला द्यावा. आबा उठून बसले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "त्या समन्सनं काय व्हयनं?" त्यांचे डोळे खोल गेले होते. मी म्हणालो, "आपसात मिटलं, आबा." त्यांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा पडून राहिले.

चारपाच महिन्यांनी ताब्याचं वॉरंट निघालं. दाव्याचा नंबर तोच, गिरणेपलीकडचा. ते दुसऱ्या बेलीफाकडे जावं म्हणून मी खटपट केली, पण ती गावं आबांची. नाझरसाहेबांनी त्यांनाच दिलं. मग पंचनामा लिहायच्या निमित्ताने मी बरोबर निघालो. वाटभर आबा बोलत होते, नातीला दात आले म्हणून. मी नुसता हुंकार देत होतो.

बाईचं नाव बायजाबाई. चाळिशीची, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, मूलबाळ नाही, दारात दोन म्हशी. दावा लावला होता नवऱ्याच्या पुतण्याने. घर आपल्या वाट्याचं, काकूला नुसतं राहू दिलं होतं, असं त्याचं म्हणणं. तो पंचांना घेऊन आधीच येऊन उभा होता. बायजाबाई शेणाचे हात तसेच ठेवून पुढे आली.

"कसाना हुकूम?" ती म्हणाली. "कोनी दावा करा? माले त कोनी एक कागद बी दिन्हा नही!"

"कागद दाराला लावला होता," पुतण्या म्हणाला. "कोर्टात लिहून आलंय. कुलूप होतं तुझ्या घराला."

"कुलूप? आषाढमा?" बायजाबाई हसलीच. "आषाढमा मनी म्हैस व्याली. मी एक दिन गाव सोडं नही. अन मना घरले कुलूपच नही. कडी शे. देखा!"

आबांनी दाराकडे पाहिलं. मग हातातल्या वॉरंटवरचा नंबर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मिटना व्हता ना?" ते मला म्हणाले. त्यानंतर या बाबतीत त्यांनी मला जन्मात एक शब्द विचारला नाही.

"आज ताबा नही," त्यांनी पंचांना सांगितलं. पुतण्याने आरडाओरडा केला, नोकरी घालवीन म्हणाला. आबा बायजाबाईपुढे जाऊन उभे राहिले. "अक्का, आयका. तुमना मांगे निकाल व्हयना. तो रद्द करता येस. पन तुमले समजनं त्या दिनपासून तीस दिनमा अर्ज करना पडस. तुमले आज समजनं. किती दिन?"

"तीस."

"पुन्हा सांगा."

"तीस दिन, भाऊ. तीस."

गोठ्याच्या कुडाआड मी आबांना गाठलं. म्हणालो, "आबा, अडथळा आला म्हणून ताबा दिला नाही, एवढंच लिहू. बाई वकील करील, अर्ज करील. आपलं नाव निघायचं कारण नाही."

"ती म्हनी, कागद भेटना नही," आबा हळू म्हणाले. "अन मनी सही म्हनी, दारले चिकटाडा. शपथवरनी सही. जज्जसाहेब कोनवर इसवास ठेवतीन?"

मी अहवाल लिहायला बसलो आणि त्यांनी सांगितलं तो शब्द न् शब्द उतरवला: सदर दाव्यातील समन्स मी बजावलेच नव्हते.

बायजाबाईने विसाव्या दिवशी अर्ज केला. वकिलाने आबांना साक्षीला बोलावलं. इतकी वर्षं आबा साक्षीदाराच्या पिंजऱ्याबाहेर उभे राहिलेले. आत चढताना त्यांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या. मी दाव्याची कागदपत्रं घेऊन जज्जसाहेबांच्या टेबलाजवळ उभा होतो. आबांनी सगळं सरळ सांगितलं. मुलगी गेली, मी गावाला होतो, त्या खेड्यात पाऊल टाकलं नाही, खोट्यावर सही केली.

पुतण्याचा वकील उलटतपासणीला उठला. बेलीफ बाईला फितूर आहे असं त्याला दाखवायचं होतं. अहवाल हातात घेऊन तो म्हणाला, "हे अक्षर तुमचं नाही. कुणाचं आहे?"

माझ्या हातातली बाडं घसरायला लागली. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अक्षर कोनं बी ऱ्हावो, साहेब. सही मनी शे."

"लिहिणाऱ्याला ठाऊक होतं का, की हे खोटं आहे?"

"नही," आबा म्हणाले. "मी सांगं, त्यानी लिखं. त्याले काय ठाऊक?"

खरं सांगायला शपथ घेऊन उभ्या राहिलेल्या त्या माणसाने तेवढं एकच खोटं सांगितलं, आणि तेही माझ्यासाठी. मी तीन हातांवर उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. मी बाडं सावरली आणि गप्प राहिलो.

साहेबांनी हुकूमनामा रद्द केला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालला. बायजाबाईने धान्याच्या कणगीतून नवऱ्याच्या वेळचं वाटणीपत्र काढून आणलं आणि वर्षाच्या आत घर तिचं ठरलं. आबांची नोकरी मात्र त्याआधीच गेली. साहेबांनी खटला भरला नाही, खरं बोलला म्हणून. पण नोकरीवर ठेवणं शक्य नव्हतं. पेन्शनीला थोडी वर्षं उरली होती. त्यांनी पट्टा आणि बिल्ला नाझराच्या टेबलावर ठेवला. बिल्ला त्या दिवशीही घासलेला होता.

मी स्टेशनवर पोचवायला गेलो. फलाटावर मला राहवेना. म्हणालो, "आबा, मी साहेबांना सगळं सांगतो. आजच सांगतो."

"येडा शे का?" ते म्हणाले. "तू सांगशी, त मी पिंजरामा खोटं बोलनू हाई बी निंघी. मंग मनं बाकीनं बी कोनी खरं मानाव नही. तिना दावा सरू दे."

दावा सरला, तेव्हा मी म्हटलं, आता सांगू. तेवढ्यात माझं लग्न ठरलं. मग धुळ्याला बदली झाली, मग जळगावला. मग मी नाझर झालो. सांगायचा दिवस नेहमी पुढच्या महिन्यात असे.

आबा यावलला जावयाकडे राहत, बागेची राखण करत. वर्षाकाठी एक कार्ड यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मजकूर एकच: खुशाल आहे, नात मोठी होते आहे, तू जेवतोस का नीट? मी एकदाच गेलो. आम्ही केळीच्या सावलीत बसलो. मनात ठरवून गेलो होतो ते ओठांवर येई आणि ते नेमकं काहीतरी दुसरं काढत. बायको कशी आहे, मूल कितवं, जळगावात पाणी येतं का. निघताना मी कसाबसा म्हणालो, "आबा, ते राहिलंच." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला मोटारीत चढवलं. त्या हाताचं वजन अजून पाठीवर आहे असं मला पुष्कळदा वाटतं, विशेषतः कचेरी सुटल्यावर, जेव्हा घरी जायची घाई नसते आणि कुणाशी तरी मुकाट बसून राहावंसं वाटतं.

स्वातंत्र्याच्या वर्षी, दिवाळीनंतर, कार्ड आलं ते जावयाचं. आबा गेले. मी यावलला पोचलो तेव्हा बाराव्याचं जेवण होऊन गेलं होतं. अंगणात एक अकरा वर्षांची मुलगी भांडी घासत होती. सरजेची मुलगी. उंच, काटकुळी, थेट आबांच्या चणीची.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"तुझ्या आबांबरोबर कोर्टात होतो."

ती उठली. हात पुसले. दबक्या आवाजात म्हणाली, "गावात म्हणतात, आबा खोटं बोलले म्हणून त्यांची नोकरी गेली. मी आबांना विचारलं, तर म्हणाले, हो. खरं आहे का ते?"

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिच्या जन्माच्या दिवसापासून. कागद कुणी ओढला, अक्षर कुणाचं, मिटलं म्हणून कुणी सांगितलं, पिंजऱ्यात आबांना काय विचारलं आणि मी कुठे उभा होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि तेही एका पोरीपुढे, उष्ट्या भांड्यांच्या ढिगाशेजारी उभ्याने. मी थांबल्यावर तिने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मंग तुमी काबरं नाही सांगितलं?"

आबा तिथे असते, तर त्यांनी नातीला दटावून गप्प केलं असतं, काहीतरी दुसराच विषय काढला असता आणि मला पुन्हा एकदा वाचवलं असतं. मी ओसरीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती.